एप्रिलमधला उत्साह मे महिन्यात कुठे जातो?

गुढीपाडवा आणि १ एप्रिल मागेपुढेच येतात, त्यामुळे आपल्याकडे संकल्पांना दुहेरी मुहूर्त मिळतो. वर्षाची बचत ठरते, नोकरी बदलायचं ठरतं, एखाद्या कोर्सचे पैसेही भरून होतात. मग मे उजाडतो. कोर्सचा तिसरा व्हिडिओ अर्ध्यावर थांबलेला असतो, एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहाची गुंतवणूक) वाढवायची राहून गेलेली असते आणि लिंक्डइन उघडलं तरी दुसऱ्यांच्या बढत्या बघण्यापलीकडे काही होत नाही. घरातलं कोणीतरी म्हणतं, "आळस भरलाय अंगात, दुसरं काय!"

आळस हे निदान सोपं आहे आणि बहुतेक वेळा चुकीचं. उन्हाळ्यात उमेद गेली असं आपण म्हणतो तेव्हा तीन निराळ्या गोष्टी एकाच वेळी घडलेल्या असतात. शरीर तापलेलं असतं, समोर कुठली जवळची तारीख नसते आणि हातातला पैसा एकदम आटलेला असतो. तिन्हींवरचे उपाय वेगळे. यूट्यूबवरची प्रेरणादायी भाषणं मात्र या तिन्हींपैकी एकावरही चालत नाहीत, हे माझं ठाम मत आहे.

आधी ऊन

झोप लागण्यासाठी शरीराचं आतलं तापमान थोडं खाली यावं लागतं. रात्री त्वचेवाटे उष्णता बाहेर जाते, तेव्हा ते होतं. खोलीच तापलेली असेल तर ही उष्णता जायला जागा उरत नाही. झोप मोडते, गाढ झोपेचा वेळ घटतो. मुंबई-कोकणात तापमानाचा आकडा विदर्भाच्या मानानं कमी असला तरी हवेत दमटपणा इतका असतो की घाम वाळतच नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. पंखा हवा गार करत नाही, घाम वाळवायला मदत करतो; म्हणून दमट रात्री तो फिरूनही उपयोग वाटत नाही. चंद्रपूर-अकोल्याकडे दुखणं वेगळं. तिथं दिवसा ४५ अंशांच्या पुढे गेलेलं ऊन स्लॅबमध्ये मुरतं आणि रात्री एक वाजेपर्यंत घरात उतरत राहतं. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

याचा डोक्यावर काय परिणाम होतो ते मोजलं गेलंय. अमेरिकेत बॉस्टनमध्ये २०१६ च्या उष्णतेच्या लाटेत वसतिगृहात राहणाऱ्या तरुण, धडधाकट विद्यार्थ्यांना रोज सकाळी उठल्या उठल्या छोट्या चाचण्या दिल्या. त्यातल्या काहींच्या खोल्यांत एसी होता, काहींच्या नव्हता. एसी नसलेल्यांना लक्ष एकाग्र ठेवण्याच्या चाचणीत उत्तर द्यायला सुमारे १३ टक्के जास्त वेळ लागला. बाहेरची हवा निवल्यावरही खोल्या तापलेल्याच राहिल्या, तेव्हा हा फरक सर्वांत जास्त दिसला. आपल्याकडचा पुरावाही आहे. दिल्लीच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमधले ई. सोमनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या कारखान्यांची आकडेवारी तपासून २०२१ मध्ये दाखवलं की तापमान एका अंशानं वाढलं की कारखान्याचं वार्षिक उत्पादन साधारण २ टक्क्यांनी घटतं. कामाच्या जागी गारवा केला तर कामाचा वेग सावरतो, पण गैरहजेरी मात्र तशीच राहते, असंही त्यांना आढळलं. माणूस रात्रभर घरी तळमळलेला असेल तर कारखान्यातल्या कूलिंगनं ते कसं भरून निघणार?

आपल्या बाकीच्या व्यवस्थांनी हे केव्हाच ओळखलं आहे. मार्च-एप्रिलमध्ये शाळा सकाळची होते. विदर्भातल्या शाळा जूनमध्ये इतर महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. मुंबई उच्च न्यायालयाला मे महिन्यात सुट्टी असते. शेतावर उन्हाळी कामाला जाणारा माणूस पहाटे निघतो आणि अकराच्या आत सावलीला येतो. पापड-कुरडयांचा घाट घालणाऱ्या बायका चीक शिजवायला पाचला उठतात, कारण नऊनंतर गच्चीवर पाय ठेववत नाही. दहा ते सातचं वेळापत्रक बाराही महिने तसंच्या तसं रेटणारा एकटा ऑफिसवाला. वर तो रात्री साडेनऊला जेवून, तापलेल्या खोलीत लॅपटॉप उघडून 'स्वतःच्या प्रगतीसाठी' एक तास काढायला बसतो. दिवसातली सगळ्यांत वाईट वेळ त्यानं करिअरसाठी राखून ठेवलेली असते.

म्हणून पहिला बदल वेळेचा. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत डोक्याचं काम सकाळी साडेसहा ते आठच्या दरम्यान, तेही आठवड्यातून दोनच दिवस. मंगळवार आणि शनिवार म्हणा. रोज नको, रोजचा नेम मेमध्ये चौथ्या दिवशी मोडतो आणि मोडला की अपराधी वाटून सगळंच सुटतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी दाखवून दिलेली एक साधी गोष्ट इथं कामाला येते. 'मी नियमित अभ्यास करीन' असं ठरवण्यापेक्षा 'मंगळवारी सकाळी चहा झाला की मी जेवणाच्या टेबलावर बसून बायोडेटाचं पहिलं पान उघडीन' असं ठरवलेलं काम पार पडण्याची शक्यता जास्त असते. वेळ, जागा आणि पहिली हालचाल आधीच ठरलेली असली की त्या क्षणी उमेद असावी लागत नाही.

एसीबद्दल एक गोष्ट, कारण यावरून घराघरांत वाद होतात. दीड टनाचा एसी तासाला साधारण एक ते दीड युनिट खातो. महिनाभर रोज सात-आठ तास लावला तर तेवढ्यानंच दोनशे ते साडेतीनशे युनिट होतात आणि महावितरणच्या बिलात ३०० युनिटच्या पुढच्या टप्प्याचा दर बराच चढा असतो. तरीही घरात एसी असेल तर तो रात्री, एकाच खोलीत, २५-२६ अंशांवर पंख्यासोबत लावावा आणि वाचवायचे पैसे दुसरीकडे वाचवावेत, असं मला वाटतं. दिवाणखान्यात दुपारी तीन तास चालणारा एसी बंद करा. झोपेवर काटकसर करून करिअर घडत नाही.

कॅलेंडरची गंमत

२०१४ मध्ये हेंगचेन दाय, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस या तीन संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याचा, महिन्याचा, वर्षाचा पहिला दिवस, वाढदिवस, अशा तारखांनंतर लोक व्यायामशाळेत जास्त जातात, ध्येयं जास्त ठरवतात. मागच्या चुका जुन्या खात्यावर टाकून आपण नवं खातं उघडतो. आपल्याला हे नवीन नाही. खानदेशात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, वर्ष आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बदलतं, विदर्भात पाडव्याला. जुना हिशेब मिटतो, नवा ठरतो.

अडचण अशी की ही ऊर्जा सुरुवातीला असते आणि शेवट जवळ आला की पुन्हा येते. मधल्या पट्ट्यात काही नसतं. शेवट दिसू लागला की प्राणी वेग वाढवतो, हे क्लार्क हल यांनी १९३० च्या दशकातच उंदरांवर दाखवलं होतं. आर्थिक वर्षाचं ध्येय ठरवलं की मेमध्ये पुढची रेघ दहा महिने लांब असते. एवढ्या लांबच्या रेघेकडे कोणीच धावत नाही.

त्यात पगारदारांच्या बाबतीत अलीकडे एक बदल झालाय, ज्याकडे फारसं कोणाचं लक्ष गेलेलं नाही. पूर्वी फेब्रुवारी-मार्चमध्ये आयकरातली ८०सी कलमाची वजावट मिळवायला लोक पीपीएफ, विमा, ईएलएसएस (कर वाचवणारे म्युच्युअल फंड) यांत पैसे भरत. धावपळ व्हायची, चुकीच्या पॉलिसी गळ्यात पडायच्या, पण नाइलाजानं का होईना, बचत व्हायची. नव्या करप्रणालीत ही वजावट नाही. २०२५-२६ पासून पगारदाराला १२ लाख ७५ हजारांपर्यंतच्या पगारावर तिच्यात आयकर लागत नाही. अतिशय चांगली गोष्ट! पण त्याबरोबर बचतीला मागून ढकलणारा तो हातही गेला. आता मार्चचीही रेघ नाही आणि मेची तर कधी नव्हतीच.

तेव्हा रेघा आपणच आखायच्या, जवळजवळच्या. पीपीएफचंच घ्या. त्यात व्याज महिन्याच्या ५ तारखेपासून अखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर मोजतात. एप्रिल २०२० पासून बराच काळ दर ७.१ टक्के राहिला आहे. दीड लाख रुपये ५ एप्रिलच्या आत भरले तर त्या वर्षाचं व्याज १०,६५० रुपये. तेच पैसे २० मार्चला भरले तर त्या वर्षाचं व्याज शून्य. हाच दर धरून १५ वर्षं चालवलं तर नेहमी एप्रिलमध्ये भरणारा आणि नेहमी मार्चअखेर भरणारा यांच्यात मुदतअखेरीस सुमारे २ लाख ७० हजारांचं अंतर पडतं. एप्रिल हुकला असेल तर वर्ष गेलं असं समजायचं कारण नाही. दीड लाखावर एका महिन्याच्या उशिराची किंमत साधारण ८८७ रुपये आहे. पुढची रेघ पुढच्या महिन्याची ५ तारीख. एवढे पैसे एकदम नसतील तर असतील तेवढे; हिशेब त्याच प्रमाणात चालतो.

अप्रेझलचं पत्र

उन्हाळ्यातल्या मरगळीचा एक मोठा वाटा उन्हाचा नसून या पत्राचा असतो, आणि त्याबद्दल आपण मोकळेपणानं बोलत नाही. बऱ्याच कंपन्यांत ते एप्रिल ते जूनच्या दरम्यान येतं. वर्षभर राबलेल्या माणसाला एक टक्केवारी मिळते, शेजारच्या टेबलावरची टक्केवारी दोन दिवसांत कळते आणि मग पुढचे सहा आठवडे तो माणूस नुसता हजर असतो.

पत्र नीट वाचलं तर निम्मा संताप योग्य जागी जातो. समजा सीटीसी, म्हणजे कंपनी तुमच्यावर वर्षाला करते तो एकूण खर्च, ९ लाख आहे आणि वाढ ८ टक्के, म्हणजे वर्षाला ७२,००० रुपये. मनात लगेच १२ नं भागाकार होतो: महिना ६,०००. आता उतरण बघा. यातले १० टक्के, म्हणजे ७,२०० रुपये 'व्हेरिएबल' असतील तर ते मिळालेच तर वर्षाअखेर मिळतील. वाढीतला निम्मा भाग मूळ पगारात गेला तर तो ३६,०००. कंपनी पूर्ण मूळ पगारावर पीएफ भरत असेल तर तिचा १२ टक्के वाटा, ४,३२० रुपये, सीटीसीतूनच जातो. ग्रॅच्युइटीचे सुमारे १,७३०. उरले ५८,७५०. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ पुन्हा ४,३२०. वर्षाला हातात ५४,४३०, म्हणजे महिना साडेचार हजार. सहा हजारांच्या हिशेबानं कोणी नव्या गाडीचा हप्ता ठरवला तर जूनपासून ओढाताण ठरलेली. पीएफचा पैसा कुठे जात नाही, तो तुमचाच आहे, पण त्यातून दूधवाल्याचं बिल भागत नाही.

या साडेचार हजारांचं काय करायचं, यावर एक गाजलेला प्रयोग आहे. रिचर्ड थेलर (२०१७ चे अर्थशास्त्राचे नोबेल मानकरी) आणि श्लोमो बेनार्त्झी यांनी एका कंपनीतल्या कर्मचाऱ्यांना विचारलं: आज पगारातून काही कापू नका, पण पुढच्या पगारवाढीपासून वाढीतला काही भाग आपोआप बचतीत जाऊ द्याल का? हो म्हणणाऱ्यांची बचत ४० महिन्यांत पगाराच्या ३.५ टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेली. कारण साधं आहे. हातात आलेला पैसा सोडवत नाही. न आलेल्याचं दुःख होत नाही. पत्र आलं त्याच आठवड्यात साडेचारपैकी २,००० ची स्वयंचलित सूचना बँकेत टाकून मोकळं व्हा. महिना २,००० रुपये १० वर्षं ७ टक्क्यांनी वाढले तर भरलेल्या २ लाख ४० हजारांचे साधारण ३ लाख ४६ हजार होतात. आकडा डोळे दिपवणारा नाही, मान्य. पण हे काम दहा मिनिटांचं आहे आणि त्याला उमेद लागत नाही. उमेद नसलेल्या महिन्यात अशीच कामं उरकायची असतात.

करिअरच्या बाजूलाही असंच एक काम आहे. अप्रेझलसाठी तुम्ही स्वतःबद्दलचा फॉर्म भरलेला असतो: वर्षभरात काय केलं, किती वेळ वाचवला, कोणता ग्राहक सांभाळला. तो फॉर्म म्हणजे बायोडेटाचा अर्धा तयार मसुदाच असतो. आपण तो कंपनीच्या पोर्टलवर टाकतो आणि विसरतो. त्यातलं गोपनीय ते गाळून बाकीचं स्वतःच्या बायोडेटात आत्ताच उतरवा. नोव्हेंबरमध्ये आकडे आठवणार नाहीत. नोकरी बदलायचीच असेल तर उलटं गणित मांडा. नोटीस ९० दिवसांची, मुलाखतींचे महिना-दीड महिना. जुलैमध्ये अर्ज सुरू केले तरी नव्या जागी रुजू व्हायला दिवाळी उजाडते. म्हणजे मे-जूनमध्ये अर्जांचा धडाका लावायचं दडपण नाही, फक्त कागद तयार हवेत. शेतकरी मेमध्ये पेरत नाही. नांगरट करतो, वखरतो, धसकटं वेचतो, बियाण्याची सोय बघतो. उगवलेलं काही दिसत नाही म्हणून ते दिवस कोणी रिकामे धरत नाही.

नवा, महागडा, सहा महिन्यांचा कोर्स मात्र मेमध्ये घेऊ नये. निराशेत घेतलेले कोर्स ही स्वतंत्र लेखाची गोष्ट आहे.

पैशाचा दुष्काळ

२०१३ मध्ये आनंदी मणी, सेंधिल मुल्लईनाथन, एल्डार शफीर आणि जियाइंग झाओ यांनी तामिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेच शेतकरी, पण तोडणीआधी हात आखडलेले असताना आणि तोडणीनंतर पैसे आल्यावर, अशा दोन्ही वेळा त्यांना बुद्धीच्या चाचण्या दिल्या. आधीच्या फेरीत ते कमी पडले. माणूस बदललेला नव्हता. त्याच्या डोक्याचा बराच भाग 'हे कसं भागवायचं' यात गुंतलेला होता.

आता शहरी मध्यमवर्गाचा मे-जून आठवा. शाळेची फी, वह्या-पुस्तकं, गणवेश, रेनकोट. दोन-तीन लग्नांचे आहेर आणि त्यांचा प्रवास. गावी बियाणं-खतासाठी पाठवायचे पैसे. वाढलेलं विजेचं बिल, आणि त्याच सुमाराला वर्षभराच्या वापरावरून ठरलेल्या वाढीव सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल. आंब्याची पेटी तर धरलीच नाही, ती चैन नसून धर्म आहे. यातला एकही खर्च अचानक आलेला नसतो. दरवर्षी याच महिन्यांत येतो आणि दरवर्षी आपण दचकतो. मग क्रेडिट कार्डचे हप्ते पडतात आणि 'आर्थिक ध्येय' हा शब्दही नकोसा होतो.

यावरचा उपाय उन्हाळ्यात करता येत नाही, उन्हाळा संपता संपता करायचा. जूनच्या शेवटी, आठवण ताजी असताना, या दोन महिन्यांचा जादा खर्च एका कागदावर लिहून काढायचा. तो समजा ५४,००० निघाला. जुलैपासून नऊ महिन्यांची, दरमहा ६,००० ची आरडी (आवर्ती ठेव) लावली की ती एप्रिलच्या सुमारास सुटते आणि वर थोडं व्याज मिळतं. ६,००० जड जात असतील तर ३,००० नं निम्मा भार तरी हलका होईल. माझ्या मते मध्यमवर्गीय घरासाठी ही आरडी कुठल्याही शेअरच्या टिपपेक्षा मोलाची आहे, कारण ती मे महिन्यातलं डोकं मोकळं ठेवते. पगाराचा फरक मागून मिळाला असेल तर तो यंदाच्या कार्डाच्या थकबाकीत घाला. त्यावरचं व्याज वर्षाला ३५-४० टक्क्यांच्या घरात जाऊ शकतं. एवढा परतावा तुम्हाला दुसरीकडे कोणी देणार नाही.

नोकरी करणाऱ्या बायकांसाठी या सगळ्यात आणखी एक पदर आहे. मुलांना सुट्टी, घरात पाहुणे, भाचरं, आणि घरून काम असेल तर मीटिंगच्या मध्ये सरबताची मागणी. तिच्या सकाळच्या त्या दोन वेळा कोण सांभाळणार, हे घरात बोलून ठरवावं लागतं. नवऱ्यानं मंगळवार-शनिवारचा नाश्ता अंगावर घेतला तर ती सोय झाली. नाहीतर वर लिहिलेलं वेळापत्रक फक्त पुरुषांच्या कामाचं आहे.

जूनच्या मध्यात गणित बदलायला लागतं. रात्री निवतात, शाळा उघडतात, नोकरदारांच्या हातात फॉर्म १६ (वर्षाचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा कागद) येतो. नव्या सुरुवातीची ही आपली दुसरी तारीख, आणि जानेवारीपेक्षा ती खरी आहे, कारण घरातलं वेळापत्रक तेव्हा खरोखरच बदलतं. रोजचा नेम, मोठा अभ्यास, अर्ज पाठवणं हे तेव्हा सुरू करा. विवरणपत्र भरायला बसाल तेव्हा वर्षाची पूर्ण कमाई एका पानावर समोर असते. पुढच्या वर्षीचा आकडा त्याच पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवता येतो.

पाऊस सुरू होऊन महिना-दीड महिना झाला, झोप ठीक झाली, फीचे दिवस सरले, आणि तरीही सकाळी उठून कामाला जावंसं वाटत नसेल, आवडीच्या गोष्टीही फिक्या वाटत असतील, तर मात्र उन्हाळ्याला दोष देणं थांबवावं. डॉक्टरांकडे जाऊन हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी१२ तपासून घ्या. थकवा तिथूनही येतो. तिथं काही सापडलं नाही आणि मन उदासच राहिलं तर टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतूनही बोलता येतं.